टपाल येते, पण जात नाही

वर्षभर या सदरात आपण नळाचे वॉशर, मिक्सरचे ब्रश, इन्व्हर्टरचे पाणी आणि गॅसच्या नळीची मुदत अशा घरगुती दुखण्यांचा समाचार घेत आलो. दिवाळी अंकासाठी मात्र काही खास विषय हवा, असा संपादकांचा आग्रह पडला. तेव्हा वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा पुन्हा एकदा चाळला. त्यात एक तक्रार वरचेवर दिसली. शब्द निरनिराळे, दुखणे एकच: “घरच्या कॉम्प्युटरवर ई-मेल येते; पण आपण पाठवावयास गेलो की ती जात नाही.” गंमत अशी की, यांतली बहुतेक पत्रे कागदावर लिहून, पाकिटात घालून आलेली. बरोबरच आहे. ई-मेल पाठवण्याचीच पंचाईत, तर ती तक्रार ई-मेलने कळवणार तरी कशी?

घरातले इंटरनेट पूर्ण बंद पडले तर ते सांगावे लागत नाही. मुले ओरडतात, आजोबांचे कीर्तन मध्येच थांबते, राउटरवरचा दिवा तांबडा होतो. पण हे दुखणे फार लबाड. सिनेमे चालू, बँकेचा व्यवहार चालू, विजेचे बिल भरले जाते, येणारी पत्रेही वेळेवर हजर. फक्त आपण लिहिलेले पत्र ‘आउटबॉक्स’ नावाच्या कोपऱ्यात मुकाट्याने बसून राहते. तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. न पोचलेल्या पत्राचा हाच मोठा धोका. लिहिणाऱ्याला वाटते, ते गेले. ज्याला मिळावयाचे, त्याला ते निघाले होते हेच ठाऊक नसते. मग गैरसमजाला मोकळे रान मिळते. धाकट्या जावेला वाटते, थोरलीने उत्तरसुद्धा दिले नाही. थोरलीला वाटते, एवढे लांबलचक लिहिले त्याची पोचसुद्धा नाही!

आमच्या ओळखीच्या एका वहिनींचे उदाहरण सांगतो. वहिनी डोंबिवलीला राहतात. शेजारच्या चार बायका हाताशी घेऊन त्या दिवाळीचा फराळ करतात. चकली, अनारसे, कडबोळी आणि दोन प्रकारचे लाडू. मागण्या परदेशातूनही येतात. त्यासाठी त्यांनी व्यवसायाच्या नावाचा ई-मेलचा पत्ताही घेतला आहे. परदेशचे खोके दिवाळीच्या कितीतरी दिवस आधी निघावे लागतात. म्हणून भावांची पत्रे गणेशोत्सव संपताच जावयास हवीत. वहिनींनी ती वेळेवर लिहिली आणि पाठवण्याचे बटण दाबले. पंधरा दिवसांनी पाहतात तो अकराच्या अकरा पत्रे आउटबॉक्समध्ये! तोवर दोन जुनी गिऱ्हाइके दुसरीकडे गेली होती. तिसऱ्या बाईंनी लिहिले, “आपण आता मोठ्या झालात. आमच्यासारख्यांना उत्तर कशाला द्याल?” पैशाचे नुकसान झाले ते झालेच, पण वहिनींच्या मनाला लागले ते हे वाक्य.

इंटरनेट कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन केला. तिकडून उत्तर आले, “राउटर बंद करून पुन्हा चालू करा.” तसे तीनदा केले. चौथ्या वेळी सांगण्यात आले, “आमच्या बाजूने लाईन व्यवस्थित आहे.” आणि ते खोटेही नव्हते.

वहिनींनी आम्हांला विचारले ते मात्र अगदी नेमके. “भाऊजी, येणारी पत्रे येतात ना? मग तार जोडलेली आहे हे तर उघड झाले. आणि रस्ता तर एकच. त्याच रस्त्याने येणारे येते, मग जाणारेच का अडते?”

या प्रश्नाचे उत्तर कळले की निम्मे दुखणे बरे होते.

मागचे दार आणि पुढची खिडकी

तार एकच असली, तरी ई-मेलला येण्याची आणि जाण्याची दारे वेगळी असतात. इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरला क्रमांक घातलेली पुष्कळ दारे असतात. त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. संकेतस्थळ पाहताना आपण बहुधा ४४३ क्रमांकाच्या दाराशी जातो. आलेले टपाल आणावयास आपला कॉम्प्युटर ९९३ किंवा ९९५ क्रमांकाचे दार ठोठावतो. आपण लिहिलेले पत्र मात्र टपालाच्या सर्व्हरच्या हवाली करावे लागते. त्याचे दार कित्येक वर्षे एकच होते: क्रमांक २५.

पोस्टाची इमारत डोळ्यांसमोर आणा. मागच्या बाजूला एक मोठे दार असते. तेथे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाणाऱ्या थैल्या चढतात-उतरतात. पुढच्या बाजूला गिऱ्हाइकांसाठी खिडकी असते. २५ क्रमांकाचे पोर्ट हे ते मागचे दार आहे. एका टपाल-सर्व्हरने दुसऱ्याला टपाल द्यावयाचे, ते या दाराने. सुरुवातीच्या काळात पुढची खिडकी अशी नव्हतीच. गिऱ्हाईक आणि पोस्टाचा हमाल दोघेही त्याच मागच्या दाराने शिरत आणि पत्र टाकून जात. ‘तू कोण?’ असे कुणी विचारीत नसे.

मग डिसेंबर १९९८ मध्ये तज्ज्ञांनी ठरवले की, गिऱ्हाइकांसाठी वेगळी खिडकी असावी. तिचा क्रमांक ५८७. या खिडकीवर आधी नाव आणि पासवर्ड सांगावयाचा, ओळख पटवावयाची आणि मगच पत्र द्यावयाचे. हिच्या शेजारी ४६५ क्रमांकाची आणखी एक खिडकी आहे. तेथे पहिल्या अक्षरापासून सगळे बोलणे कुलूपबंद चालते. जानेवारी २०१८ च्या शिफारशीत या खिडकीला पसंती दिलेली आहे. दोन्ही चालतात, आपला सर्व्हर ज्या खिडकीवर टपाल घेतो, ती आपली.

वहिनींच्या कॉम्प्युटरमध्ये टपालाचा प्रोग्रॅम बसवला गेला तो बऱ्याच वर्षांपूर्वी. त्या वेळी कुणीतरी २५ हा आकडा घालून दिला होता. जुन्या कंपनीच्या जोडणीवर ते दार उघडे होते, म्हणून कधी अडले नाही. श्रावणात त्यांनी नवी, वेगवान फायबरची जोडणी घेतली. नव्या कंपनीने घरगुती गिऱ्हाइकांसाठी २५ क्रमांकाचे दार बंद ठेवलेले होते. येणारे टपाल ९९३ ने येत राहिले. जाणारे २५ वर डोके आपटीत राहिले. लाईन व्यवस्थित, कॉम्प्युटर व्यवस्थित, पासवर्डही बरोबर; आणि पत्र जागच्या जागी!

दार बंद का झाले?

“पण आम्ही पैसे मोजतो, मग आमचे दार बंद करणारे हे कोण?” असा प्रश्न वाचकांच्या पत्रांतून बराच आला आहे. राग साहजिक आहे. पण कारण ऐकले म्हणजे तो निवळेल.

ई-मेलचा जन्म फार भल्या माणसांच्या जगात झाला. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांमध्ये, अर्पानेट नावाच्या जाळ्यावरून, पहिला संदेश धाडला. नाव आणि ठिकाण यांच्यामध्ये आज आपण जे वेटोळे ‘ॲट’ चिन्ह काढतो, तेही त्यांनीच निवडले. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी टपाल पाठवण्याचे नियम लिहून काढले. त्यांनाच ‘एसएमटीपी’ म्हणतात. त्या जाळ्यावर संशोधक, विद्यापीठे आणि सरकारी कचेऱ्या एवढेच लोक. सगळे एकमेकांच्या माहितीतले. त्यामुळे ‘पाठवणाऱ्याचे नाव खरे कशावरून?’ हे तपासण्याची सोय त्या नियमांत नव्हती. वाड्यातल्या बिऱ्हाडांनी एकमेकांच्या दारांना कडी न लावावी, तसा तो प्रकार.

मात्र वाड्यात पहिला उपटसुंभ त्याआधीच शिरून गेला होता. मे १९७८ मध्ये गॅरी थुर्क या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या नव्या कॉम्प्युटरांची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली होती. कुणी मागितली नव्हती. लोक चिडले, पण वाट दाखवून दिली गेली.

आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. जगभर घरोघरी कॉम्प्युटर आले. त्यांच्यामागून चोरही आले. त्यांनी असे विषाणू-प्रोग्रॅम बनवले की, ते तुमच्या कॉम्प्युटरमध्ये लपून बसावेत आणि तुम्ही झोपेत असताना तुमच्याच जोडणीवरून, २५ क्रमांकाच्या दाराने, जगाला फसवी पत्रे पाठवावीत. जानेवारी २००४ मध्ये ‘मायडूम’ नावाच्या विषाणूने जगभर हाहाकार उडवला. त्याने पत्र पाठवण्याचे यंत्र स्वतःच्या पोटातच आणले होते. त्याला तुमचा पासवर्ड नको, तुमचा प्रोग्रॅम नको. दार उघडे असले की पुरे.

अशा वेळी कंपन्यांनी काय करावे? घरगुती गिऱ्हाइकाला मागच्या दाराचे कामच नसते. त्याने पुढच्या खिडकीवर जावे, ओळख सांगावी, पत्र द्यावे. विषाणूला मात्र ओळख सांगता येत नाही, म्हणून तो मागच्या दारावर अवलंबून. तेव्हा ते दार बंद केले की सज्जनाचे काही अडत नाही आणि चोराची वाट बंद होते. जपानातील कंपन्यांनी २००५ च्या सुमारास हे सुरू केले. ब्राझीलचे उदाहरण तर ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २००९ च्या सुमारास फसवी पत्रे ज्या देशांतून निघत, त्यांच्या यादीत तो देश अगदी वर होता. २०१२-१३ मध्ये तेथे देशभर घरगुती जोडण्यांचे २५ क्रमांकाचे दार बंद करण्यात आले, आणि तो त्या यादीत झपाट्याने खाली आला.

म्हणजे कंपनीचे वागणे योग्यच आहे. चुकते ते एवढेच की, ती गिऱ्हाइकाला हे सांगत नाही. सोसायटीने मागचे फाटक बंद केले तर निदान फळ्यावर सूचना लिहावी! तेवढी सूचना मिळाली असती, तर वहिनींचे पंधरा दिवस वाचले असते.

दुखणे ओळखावे कसे?

वहिनींना उलगडा झाला तो अगदी अकल्पित रीतीने. मधल्या रविवारी त्या लॅपटॉप घेऊन माहेरी, ठाण्याला, गेल्या. भावाच्या घरच्या जोडणीवर लॅपटॉप लावला मात्र, अकराही पत्रे भुर्रकन उडून गेली! आई म्हणाली, “आमच्या घरचे पाणीच वेगळे!” वहिनींना आनंद झाला खरा, पण तो क्षणभरच. त्या अकरांत मुदत संपलेल्या भावांची चार पत्रे होती. त्यांच्यामागून लगोलग खुलाशाची चार पत्रे लिहावी लागली. अडकलेले टपाल मोकळे करण्यापूर्वी आउटबॉक्स एकदा वाचून काढावा, हा धडा सर्वांनी घेण्यासारखा आहे.

पण त्या माहेरपणात निदान झाले. लॅपटॉप तोच, प्रोग्रॅम तोच, पासवर्ड तोच. बदलला तो फक्त रस्ता. तेव्हा अडथळा रस्त्यात आहे हे सिद्ध झाले. प्रत्येकाला यासाठी माहेरी जाण्याची गरज नाही. खालील पायऱ्या क्रमाने चढाव्यात. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवू नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या की कोणत्या औषधाने गुण आला ते कळत नाही.

पहिली पायरी. टपालाचा प्रोग्रॅम बाजूला ठेवा. ज्या पडद्यावर वर्तमानपत्र वाचता, त्याच ब्राउझरमधून आपल्या ई-मेलच्या खात्यात जा आणि स्वतःलाच एक पत्र पाठवा. गेले, तर खाते ठणठणीत आहे. गेले नाही, तर दुखणे खात्याचे आहे. जागा भरली असेल किंवा दिवसाची मर्यादा संपली असेल. जीमेलच्या साध्या खात्यातून एका दिवसात ५०० जणांपर्यंतच पत्रे पाठवता येतात. लग्नाचे आमंत्रण साऱ्या गोतावळ्याला धाडताना हे ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी. पडद्यावर उमटलेला इंग्रजी निरोप न वाचता बंद करण्याची आपल्याला सवय असते. ती सोडावी. निरोप कागदावर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. ‘टाइम्ड आउट’, म्हणजे वाट पाहून थकलो, असे शब्द असतील तर बहुधा दार बंद आहे. पासवर्ड पुन्हा पुन्हा मागितला जात असेल, किंवा ५३५ हा आकडा दिसत असेल, तर दारापर्यंत आपण पोचलो आहोत. ओळख पटत नाही एवढेच. ‘सर्टिफिकेट’ हा शब्द दिसला, तर आधी कॉम्प्युटरचे घड्याळ आणि तारीख पाहावी. तारीख चुकलेली असली की सर्व्हरचे ओळखपत्र मुदतबाह्य वाटते.

तिसरी पायरी. रस्ता बदला. मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून कॉम्प्युटर त्यावर लावा आणि तेच पत्र पाठवून पाहा. गेले, तर घरच्या जोडणीवर दार बंद आहे. नाही गेले, तरी लगेच निष्कर्ष काढू नये. मोबाईल कंपनीही २५ क्रमांकाचे दार बंद ठेवू शकते.

चौथी पायरी, आणि हीच मुख्य. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ‘आउटगोइंग सर्व्हर’ असे पान असते. तेथे चार गोष्टी पाहावयाच्या. सर्व्हरचे नाव, पोर्टचा आकडा, कुलपाचा प्रकार, आणि ‘सर्व्हरला ओळख द्यावी लागते’ ही खूण. पोर्ट २५ असेल तर ५८७ करा आणि कुलपाचा प्रकार ‘स्टार्ट-टीएलएस’ निवडा. किंवा पोर्ट ४६५ करा आणि ‘एसएसएल’ अथवा ‘टीएलएस’ निवडा. ही जोडी बिघडवू नये. ४६५ ला ‘स्टार्ट-टीएलएस’ लावले, तर दोघेही एकमेकांच्या बोलण्याची वाट पाहत बसतात आणि काहीच होत नाही. ओळखीची खूण केलेली नसेल तर करा. नाव म्हणून बहुधा पूर्ण ई-मेलचा पत्ता द्यावा लागतो. ‘कुलूप नको’ असाही एक पर्याय दिसेल. त्याला हात लावू नये. त्याने पासवर्ड उघड्यावर जातो.

वहिनींचे काम येथेच झाले. दोन जागी बदल केला आणि पत्र गेले. त्या म्हणाल्या, “एवढेच होते?” एवढेच होते.

पाचवी पायरी. ओळख पटत नसेल, तर पासवर्ड पाहा. आपला नेहमीचा पासवर्ड जुन्या प्रोग्रॅममध्ये आता चालेलच असे नाही. गूगलने साध्या खात्यांसाठी ही सोय मे २०२२ च्या अखेरीस बंद केली. आता एक तर गूगलच्या स्वतःच्या खिडकीतून साइन इन करावे, नाही तर खात्यात दुहेरी पडताळणी सुरू करून त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा, सोळा अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ काढावा. मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या घरगुती खात्यांसाठी नुसत्या पासवर्डची पद्धत सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केली. फार जुना प्रोग्रॅम असेल तर तो बदलण्यावाचून इलाज नाही.

सहावी पायरी. विषाणू-रोधक प्रोग्रॅम किंवा व्हीपीएन वापरत असाल, तर एका पत्रापुरते ते बंद करून पाहा. पत्र गेले, तर अडथळा तेथे आहे. त्याच्या सेटिंगमध्ये टपालाला वाट द्यावी. चाचणी संपली की ते पुन्हा चालू करावयास विसरू नये.

एवढे झाल्यावरच कंपनीला फोन करावा, आणि तोही नेमका. “ई-मेल जात नाही” म्हटले की उत्तर येणार, “राउटर बंद करून चालू करा.” त्याऐवजी विचारा, “बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट आपण बंद ठेवता काय? आणि ५८७ व ४६५ उघडी आहेत ना?” एवढ्या प्रश्नाने पलीकडचा माणूस सावरून बसतो.

राउटरमध्ये जाऊन ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करा, असा सल्ला पुतण्या-भाचे मंडळी देतात. तो ऐकू नये. ती सोय बाहेरून घरात येणाऱ्यांसाठी असते. आपले दुखणे घरातून बाहेर जाण्याचे. त्याने पत्र जावयाचे नाहीच, उलट घराचे एक दार मात्र जगाला उघडे राहील.

गेले, पण परत आले

काही पत्रे जातात आणि थोड्या वेळाने शेरा मारून परत येतात. शेऱ्यातला आकडा पाहावा. ४ ने सुरू होत असेल तर अर्थ ‘पुन्हा या’. सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, आपण धीर धरावा. ५ ने सुरू होत असेल तर अर्थ ‘नाही’. ५५० असेल तर बहुधा पत्ता चुकलेला असतो किंवा पलीकडच्याने नकार दिलेला असतो. ५५२ असेल तर वजन जास्त झाले, किंवा पलीकडची पेटी भरलेली आहे. जीमेलची जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे. पण प्रवासासाठी जोडपत्राचे रूपांतर करावे लागते आणि त्यात त्याचे वजन सुमारे एकतृतीयांशाने वाढते. नातवाच्या मुंजीचे फोटो त्यामुळेच अडतात.

ज्यांनी वहिनींप्रमाणे स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला आहे, त्यांनी आणखी एक काम करावे. ‘आमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात’ याची यादी त्या नावाच्या नोंदीत ठेवता येते. तिला ‘एसपीएफ’ म्हणतात. पत्रावर उमटणाऱ्या शिक्क्याला ‘डीकेआयएम’ म्हणतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे या दोहोंपैकी एक तरी असलेच पाहिजे, असा गूगलचा नियम आहे. ज्याच्याकडून पत्ता घेतला, त्याला हे दोन शब्द सांगितले की तो करून देतो.

घरातले इंजिनियर चिरंजीव कधी कधी घरीच टपालाचा सर्व्हर चालवण्याचा घाट घालतात. हौसेला मोल नाही. पण घरगुती जोडण्यांचे क्रमांक ‘येथून थेट टपाल येऊ नये’ अशा याद्यांत घातलेले असतात. स्पॅमहाउस या संस्थेची ‘पॉलिसी ब्लॉक लिस्ट’ ही त्यांतली प्रसिद्ध. त्या यादीत आपला क्रमांक सापडला म्हणून घाबरू नये. तो गुन्ह्याचा आरोप नाही. चिरंजीवांनी आपल्या सर्व्हरचे टपाल ५८७ च्या खिडकीवरून एखाद्या मान्यताप्राप्त सर्व्हरच्या हवाली करावे, म्हणजे हौसही भागते आणि पत्रेही पोचतात.

घरच्या स्कॅनरकडेही एकदा बघा, आणि दारावरच्या कॅमेऱ्याकडेही. ‘कुणी आले तर ई-मेल करीन’ असे म्हणणाऱ्या पुष्कळ कॅमेऱ्यांत मुळातच २५ हा आकडा भरलेला असतो. चोर आला की कॅमेरा इमानाने पत्र लिहितो आणि ते पत्र दारापाशीच राहते. दिवाळीत गावाला जाण्यापूर्वी कॅमेऱ्याचे एक पत्र आपल्या फोनवर येते की नाही, हे पाहूनच कुलूप लावावे.

शेवटी एक इशारा. ग्राहकसेवेचा क्रमांक बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला क्रमांक भामट्याचा असू शकतो. तो गोड बोलतो, कॉम्प्युटरचा पडदा पाहू देणारे ॲप घ्यावयास लावतो आणि ओटीपी विचारतो. ई-मेल दुरुस्त करावयास कुणालाही ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

फराळ होईपर्यंत वाट पाहू नका. आज दुपारी निवांत बसलात की घरातल्या कॉम्प्युटरचा आउटबॉक्स उघडा. कदाचित तो रिकामा असेल, मग उत्तमच. कदाचित त्यात एखादे पत्र महिनाभर बसलेले सापडेल, आणि ज्यांच्यावर आपण मनातल्या मनात रुसलो, त्यांचा दोष नव्हता हेही कळेल. तसे झाले तर दार बदला, पत्र पुन्हा लिहा आणि वर दिवाळीच्या शुभेच्छा घाला. पाडवा-भाऊबीजेच्या आत ते पोचेल.

पुढील महिन्यात या सदरात थंडीच्या दिवसांतील गीझर. तोवर सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची जावो.